पहिली हिरवी टाकी: झाडं आधी, मासे शेवटी

६० सेंटिमीटरची काचेची टाकी घेऊन ठेवली आहे, निसर्गातल्यासारखी दिसणारी हिरवी टाकी करायची आहे, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. झाडांना कार्बन डायऑक्साइड देणारं सीओटूचं सिलिंडर लागेलच का, झाडं कोणती घ्यावीत, मासे पहिल्या दिवशी सोडले तर चालतील का, आणि एवढी काळजी घेऊनही लोकांच्या टाक्यांत शेवाळ का माजतं, हे तुमचे प्रश्न. थोडक्यात सांगायचं तर पहिल्या टाकीला सिलिंडर लागत नाही, मासे पहिल्या दिवशी सोडायचे नाहीत, आणि शेवाळाचं मूळ बहुतेक वेळा गरजेपेक्षा जास्त उजेडात असतं. झाडं मात्र पहिल्याच दिवशी भरपूर लावायची. आता सविस्तर.

आधी अशा टाक्यांच्या फोटोंबद्दल. निसर्गासारख्या टाकीच्या या शैलीला जगभर ओळख मिळाली ती जपानच्या ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांच्यामुळे. मुळात छायाचित्रकार असल्यामुळे त्यांची टाकीकडे बघायची नजरच वेगळी होती. त्यांनी आणि त्यांच्यानंतरच्यांनी केलेल्या टाक्यांचे फोटो बघूनच आपल्यापैकी बहुतेकांना हा छंद लागतो. पण तो फोटो टाकीच्या आयुष्यातल्या एका दिवसाचा असतो. त्याआधी कित्येक महिने झाडं वाढवलेली, छाटलेली असतात, सीओटू आणि खतं मोजून दिलेली असतात. फोटोपुरते फिल्टरचे पाइपसुद्धा बाहेर काढतात. त्यामुळे तुमची टाकी तिसऱ्या आठवड्यात तशी दिसली नाही, तर तुमचं काही बिघडलेलं नाही.

आता ज्यावर सगळं ठरतं त्याकडे वळू, म्हणजे उजेडाकडे. झाडाला किती कार्बन आणि किती खत लागणार हे उजेड ठरवतो. उजेड वाढवला की झाडाची मागणी वाढते. ती पुरवता आली नाही तर झाडाची वाढ अडते, जुनी पानं कुजू लागतात आणि त्या कुजणाऱ्या पानांवर शेवाळ पहिलं बस्तान बसवतं. शेवाळाची भूक फार कमी असल्यामुळे झाडं अडतात तिथेही ते आरामात वाढतं. नवीन माणूस नेमकं उलटं करतो. झाडं वाढत नाहीत म्हणून दिवा आणखी तीव्र करतो, दहा-बारा तास चालू ठेवतो, आणि दोन आठवड्यांत काचा हिरव्या होतात. तुम्ही सुरुवात रोज ६ तासांनी करा आणि दिव्याला टायमर लावाच. दिव्याची तीव्रता कमी-जास्त करता येत असेल तर निम्म्यावर ठेवा. दीड-दोन महिन्यांनी झाडं नवी पानं नीट काढायला लागली की हळूहळू ७-८ तासांपर्यंत जा. त्यापुढे जायची गरज मला कधी दिसलेली नाही. टाकी खिडकीसमोर ठेवू नका. थेट ऊन पडलं तर तो उजेड तुमच्या हातात राहत नाही, आणि पाणी हिरवं व्हायला तेवढं पुरतं.

सीओटूचा प्रश्न यालाच जोडलेला आहे. हवेच्या संपर्कात असलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड लिटरला एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी विरघळलेला असतो. टाकीत माती आणि मासे असले तर त्यांच्यामुळे थोडी भर पडते. सिलिंडर लावणारे लोक हे प्रमाण २० ते ३० मिलिग्रॅमपर्यंत नेतात. म्हणून त्यांची झाडं झपाट्याने वाढतात, लाल रंग खुलतो, जमिनीलगतचं हिरवं गालिच्यासारखं आवरण दाट होतं. पण मग सगळंच त्या वेगाने करावं लागतं: तीव्र उजेड, रोजची खतं, दर आठवड्याला छाटणी, गॅसवर लक्ष. गॅस जास्त झाला तर मासे पाण्याच्या वर येऊन धापा टाकतात, आणि वेळीच लक्षात आलं नाही तर मरतात. पहिल्याच टाकीत हे सगळं एकदम शिकायला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. कमी उजेडाची, सिलिंडर नसलेली टाकी सावकाश वाढते, आणि ती सावकाश वाढते म्हणूनच तुम्हाला चूक लक्षात यायला आणि दुरुस्त करायला वेळ मिळतो.

इथे दोन गोष्टींपासून सावध करतो. साखर आणि यीस्टच्या बाटलीतून तयार होणारा गॅस आज जास्त, उद्या कमी असा येतो. या चढउतारातच पानांच्या कडांवर काळं, दाढीसारखं शेवाळ येतं, आणि ते एकदा धरलं की काढणं फार जिकिरीचं. दुसरी गोष्ट ‘लिक्विड कार्बन’. हे बहुतेक ग्लुटाराल्डिहाइडवर आधारलेलं द्रावण असतं. ते शेवाळ मारतं हे खरं, पण गॅसची जागा ते घेऊ शकत नाही. वॅलिसनेरियासारखी झाडं त्याने विरघळतात, आणि त्वचेला-डोळ्यांना ते घातक आहे. पहिल्या टाकीत दोन्ही नकोत.

टाकी ठेवायची जागा पक्की असू द्या. ६० × ३० × ३६ सेंटिमीटरच्या टाकीत काठोकाठ सुमारे ६५ लिटर पाणी मावतं. काच, माती, दगड धरले तर वजन ८०-९० किलोच्या घरात जातं, त्यामुळे साधं फडताळ चालणार नाही. टेबल लेव्हलमध्ये आहे का ते बघा. टाकी बिनचौकटीची असेल तर खाली पातळ फोमची मॅट घाला. फिल्टर कोणताही चालेल, स्पंजचा, काठावर अडकवायचा किंवा कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डबा). फक्त पाणी टाकीच्या सगळ्या कोपऱ्यांत फिरायला हवं. फिल्टरमधला स्पंज कधीही नळाखाली धुऊ नका. त्यातल्याच जिवाणूंवर टाकी चालते. टाकीतून काढलेल्या पाण्यात तो हलका पिळा, बस.

खालच्या थरासाठी दोन सरळ पर्याय आहेत. अॅक्वासॉइल म्हणजे भाजलेल्या मातीचे दाणे. त्यात अन्नद्रव्यं असतात, पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) ते थोडा खाली आणतात, मुळं छान धरतात. पण पहिले काही आठवडे बऱ्याच सॉइलमधून अमोनिया सुटतो, म्हणून त्या काळात पाणी जास्त बदलावं लागतं. दुसरा पर्याय साधी, धुतलेली बारीक वाळू. तिच्यात काहीच पोषण नसतं, म्हणून मुळांनी खाणाऱ्या झाडांच्या बुडाशी खताच्या गोळ्या खुपसाव्या लागतात. दोन्ही चालतात. समोर ३-४ सेंटिमीटर आणि मागे ८-१० सेंटिमीटर असा उतार मात्र द्या. सपाट तळाची टाकी कितीही सजवली तरी चपटी दिसते. उतार दिला की तीस सेंटिमीटर खोलीची टाकी दुप्पट खोल वाटते.

आता रचना. पाणी घालायच्या आधी, कोरड्या टाकीत, दगड आणि ड्रिफ्टवूड (टाकीत ठेवायचं लाकूड) मनासारखं जमेपर्यंत हलवत राहा. यात दोन-चार दिवस गेले तरी जाऊ द्या, कारण नंतर हे बदलणं अवघड. मुख्य दगड किंवा लाकूड मधोमध ठेवू नका. ६० सेंटिमीटरच्या टाकीत एका बाजूपासून साधारण ३७ सेंटिमीटरवर ते आलं की डोळा तिथे स्थिरावतो. दगड एकाच जातीचे घ्या आणि त्यांच्या अंगावरच्या रेषा एकाच दिशेला वळवा. नदीतले दगड पाण्याच्या ओघाने एकाच बाजूला कललेले असतात, आणि ती सुसंगती नसली की रचना ‘ठेवलेली’ दिसते. मोठ्या दगडाचा बुडखा मातीत गाडा आणि त्याच्या पायाशी त्याच दगडाचे बारीक तुकडे पसरा. एवढ्याने दगड तिथलाच वाटायला लागतो. दगडावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकून बघा. फेस आला तर त्यात चुना आहे आणि तो पाण्याची कठीणता वाढवेल. असा दगड वापरूच नये असं नाही, पण माहीत असावं. लाकूड आठवडा-दोन आठवडे भिजवून ठेवा, म्हणजे ते तरंगणार नाही. पाणी चहाच्या रंगाचं झालं तरी हरकत नाही, पाणी बदलता बदलता ते उतरतं. नव्या लाकडावर पांढरा, बुळबुळीत थर येतो तोही निरुपद्रवी आहे आणि काही आठवड्यांत आपोआप जातो.

झाडांची निवड करताना दिसायला सुंदर काय यापेक्षा कमी उजेडात टिकतं काय हे बघा. लाकडा-दगडावर बांधायला अॅन्युबियस नाना, जावा फर्न, बुसेफलँड्रा आणि जावा मॉस. मधल्या भागात क्रिप्टोकोरीन वेंडटी. मागे वॅलिसनेरिया, हायग्रोफिला, वॉटर विस्टेरिया किंवा रोटाला रोटंडिफोलिया. पहिले दोन-तीन महिने हॉर्नवर्टची जुडी आणि वर थोडं तरंगणारं फ्रॉगबिट किंवा साल्विनिया ठेवाच. ही झाडं भराभर वाढतात, पाण्यातलं अमोनियम थेट ओढून घेतात आणि शेवाळाला उपाशी ठेवतात. वर तरंगणाऱ्यांना हवेतला कार्बन मिळतो, त्यामुळे सिलिंडर नसल्याचा त्यांना काही फरक पडत नाही. फक्त ती पाण्याचा निम्म्याहून जास्त पृष्ठभाग झाकणार नाहीत एवढं बघा, आणि काढलेली जास्तीची झाडं ओढ्या-तळ्यात टाकू नका. ती तिथे माजतात आणि नंतर आवरत नाहीत. वाळवून कचऱ्यात किंवा कुंडीत टाका.

पहिल्याच दिवशी तळाचा निदान दोन-तृतीयांश भाग झाडांनी भरलेला असावा. चार रोपं लावून ‘वाढतील हळूहळू’ म्हटलं की मधली मोकळी जागा शेवाळ घेतं. बजेट कमी असेल तर महाग दिव्यावरचा खर्च कमी करा आणि झाडं जास्त घ्या.

लावायची पद्धत जरा नीट सांगतो, कारण बरीच झाडं इथेच मरतात. कुंडीतून रोप काढून मुळांभोवतीचा लोकरीसारखा भराव चिमट्याने पूर्ण काढा, मुळं दोन-तीन सेंटिमीटर ठेवून छाटा. स्टेम प्लांटच्या (रोटाला, हायग्रोफिलासारख्या उभ्या काडीच्या झाडांच्या) जुडीचा शिशाचा पट्टा काढून टाका आणि एकेक काडी, खालची पानं खुडून, थोड्या थोड्या अंतरावर खोचा. जुडी तशीच खोचली की आतल्या काड्यांना उजेड मिळत नाही आणि बुंधा सडतो. चिमटा तिरका आत घाला आणि तिरकाच बाहेर काढा, म्हणजे रोप त्याच्यासोबत वर येत नाही. वॅलिसनेरियाचा पांढरा बुंधा मातीत आणि हिरवा भाग वर, ही रेघ सांभाळा. अॅन्युबियस, जावा फर्न आणि बुसेफलँड्रा यांचं आडवं, जाड खोड मातीत गाडायचं नाहीच. गाडलं की ते मऊ होतं, काळपट पडतं, हात लावला तर पानं देठासकट निसटतात. त्याला दोऱ्याने किंवा सायनोअॅक्रिलेट जेलच्या (सुपरग्लूच्या) एका थेंबाने लाकडावर चिकटवा. हा गोंद पाण्यातही धरतो. लावताना सतत पाण्याचा फवारा मारत राहा, पानं सुकू देऊ नका. झाडं लागली की मातीवर प्लास्टिक किंवा बशी ठेवून तिच्यावर हळू धारेने पाणी सोडा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून डिक्लोरिनेटर घालायला विसरू नका. क्लोरॅमिन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर पाणी रात्रभर ठेवून ते उडत नाही.

त्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जे होतं त्याने लोक हातपाय गाळतात. क्रिप्टोकोरीनची पानं पारदर्शक होतात, भोकं पडतात आणि दोन दिवसांत सगळं रोप चिखलासारखं विरघळतं. घाबरू नका, उपटू तर अजिबात नका. नर्सरीत ही झाडं बहुतेक वेळा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. ती पानं जाड, हवेसाठी घडलेली. पाण्यात बुडाल्यावर झाड ती टाकून पाण्यासाठीची पातळ, लांबट पानं नव्याने काढतं. विरघळलेली पानं कात्रीने मुळापाशी कापून बाहेर काढा, आणि मातीच्या पातळीवर मधोमध नीट बघा. मुळं घट्ट असतील तर तिथे अर्ध्या सेंटिमीटरचं, टोकदार, तपकिरी-हिरवं नवं पान गुंडाळलेलं दिसेल. तेच खरं तुमच्या टाकीतलं झाड. जावा फर्नच्या पानामागे काळे ठिपके दिसले तर तेही रोग समजून कापू नका. ते बीजाणूंचे पुंजके असतात, आणि पानाच्या टोकाशी पुढे छोटी रोपंही फुटतात.

मासे कधी? माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या अन्नातून, कुजणाऱ्या पानांतून अमोनिया तयार होतो. एका गटातले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया कल्ले जाळतो, नायट्राइट रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद घालवतं. नायट्रेट मात्र झाडांचं अन्न आहे. हे जिवाणू फिल्टरमध्ये आणि मातीत पुरेसे वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, आणि पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतंय यावरून त्यांचा काहीच अंदाज येत नाही. म्हणून टेस्ट किट घ्या, थेंबांचं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, आणि हे निदान आठवडाभर टिकलेलं, तेव्हाच मासे. पीएचकडेही लक्ष असू द्या. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी विषारी भाग अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, पीएच ८ झाला की तोच पाच टक्क्यांवर जातो. म्हणजे किटमधला आकडा तोच, पण विष नऊ-दहा पट. कुणाची चालू, निरोगी टाकी ओळखीची असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा. महिन्याचं काम बऱ्याचदा निम्म्या वेळात होतं.

या पहिल्या महिन्यात सॉइल असेल तर आठवड्याला दोनदा, निम्मं निम्मं पाणी बदला. पुढे आठवड्याला एकदा २५-३० टक्के पुरे.

काचेवर आणि पानांवर तपकिरी धुळीसारखा थर येईल. तो डायटम, म्हणजे सूक्ष्म तपकिरी शेवाळ. नव्या टाकीत येतोच, बोटाने पुसला जातो आणि टाकी मुरली की जातो. हिरवी धूळ किंवा केसांसारखे धागे दिसले तर दिव्याचा एक तास कमी करा, धागे दात घासायच्या ब्रशला गुंडाळून काढा, तरंगणारी झाडं वाढवा. निळसर-हिरवी, वास मारणारी साय मातीवर पसरली तर ते शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया आहेत. ती ट्यूबने ओढून काढा आणि त्या कोपऱ्यात पाण्याचा प्रवाह पोहोचतोय का ते बघा. शेवाळाची औषधं ओतायच्या फंदात पडू नका. ज्यात तांबं असतं ती कोळंब्या मारतात, आणि मूळ कारण तिथेच राहतं.

खताचं वेळापत्रक पाठ करण्यापेक्षा पान वाचायला शिका. जुन्या पानांत पोटॅशियमची कमतरता टाचणीच्या टोकाएवढ्या भोकांनी दिसते, भोवती पिवळी कड असते. जुनी पानं सरसकट पिवळी पडत असतील तर नायट्रोजन कमी, कारण झाड तो जुन्या पानातून काढून नव्याला देतं. लोह असं हलवता येत नाही, म्हणून त्याची उणीव सगळ्यात वरच्या, नव्या पानांत दिसते. पान फिकट आणि शिरा हिरव्या. मात्र कोणत्याही बदलाचा परिणाम जुन्या पानात शोधू नका, बिघडलेलं पान दुरुस्त होत नाही. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत येणारी पानं बघून ठरवा. सुरुवातीला बाटलीवर लिहिलेल्या मात्रेच्या निम्मं द्रवखत आठवड्यातून एकदा द्या, आणि क्रिप्टोकोरीन, वॅलिसनेरिया यांच्या मुळाशी दर तीन महिन्यांनी एकेक गोळी.

मासे निवडताना छोटे आणि थव्याने राहणारे घ्या. एम्बर टेट्रा किंवा हार्लेक्विन रासबोरा, आठ-दहा, एकाच जातीचे. पाच जातींचे दोन-दोन घेतले तर ते घाबरून कोपऱ्यांत लपतात आणि दृश्यही विस्कटतं. एकाच जातीचा थवा लहान टाकीला मोठं करतो. ते सगळे एकदम सोडू नका, अर्धे आधी आणि दोन आठवड्यांनी उरलेले, म्हणजे जिवाणूंना वाढायला सवड मिळते. त्यानंतर काही निओकॅरिडिना किंवा अमानो कोळंब्या. अमानो कोळंबी धाग्यांच्या शेवाळावर फार उपयोगी पडते. तिची पिल्लं गोड्या पाण्यात वाढत नाहीत, त्यामुळे संख्या आपोआप काबूत राहते. ओटोसिंक्लस सुंदर मासा आहे, पण तो काचा-पानांवरच्या थरावर जगतो. टाकीला निदान चार-पाच महिने झाल्याशिवाय आणला तर उपाशी मरतो. गोल्डफिश आणि मोठे सिक्लिड झाडांच्या टाकीत नकोतच, ते झाडं खातात नाहीतर उपटतात. अन्न एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढंच द्या.

तुम्ही टाकीची लांबी सांगितलीत, उंची सांगितली नाही. ४५ सेंटिमीटरपेक्षा उंच असेल तर तळाला उजेड बराच कमी पोहोचेल. मग समोर जमिनीलगतची झाडं लावायचा विचार सोडा, तिथे वाळू मोकळी ठेवा आणि अॅन्युबियस लाकडावर वरच्या बाजूला बांधा. सिलिंडरशिवाय गालिचा दाट व्हायला तसाही फार वेळ लागतो. मोकळी वाळू, तिच्या कडेने बारीक खडी आणि मागे क्रिप्टोकोरीनची दाटी, ही रचना कमी उजेडात छान टिकते.

खरेदी करायच्या आधी तुमच्या नळाच्या पाण्याचा पीएच आणि कठीणता तपासून घ्या. पाणी फार कठीण निघालं तर रोटालाच्या जागी वॅलिसनेरिया जास्त लावा, तिला तसं पाणी मानवतं.